ते पिल्लू यतीम होते का?

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. हजेरी घेत होते, तेवढ्यात चौथीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. उशीर झाल्याची नेहमीची भीती त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. तो सरळ टेबलापाशी आला, जेवणाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि झाकण अर्धे उघडले. आत हातरुमालावर साळुंकीचे पिल्लू होते. अंगावर पिसे कसली, नुसत्या निळसर काळ्या खुंट्या. चोचीच्या कडा पिवळ्याधमक. डब्यातली रोटी-भाजी त्याने वाटेत कुठे टाकली की खाऊन टाकली, ते मी विचारले नाही.

"टीचर, इसकू कोई नै. यतीम है."

वर्गात एकच गलका झाला. कुणी म्हणाले दूध पाजू या, कुणी रोटीचा तुकडा काढला, एका मुलीने बाटलीच्या झाकणात पाणी ओतून ते पिल्लाच्या चोचीपाशी नेलेसुद्धा. मी ते झाकण तिच्या हातातून काढून घेतले, जरा जोरातच. मुले गप्प झाली. त्यांना वाटले टीचर रागावल्या. राग नव्हता तो. मला दोन वर्षांपूर्वीचा रमजान आठवला होता.

त्या वर्षी रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला होता. असरची नमाज आटोपून मी इफ्तारीच्या तयारीला लागले होते. माझा धाकटा, तेव्हा नऊ वर्षांचा, अंगणातून धावत आला. नमाजच्या टोपीत बुलबुलाचे पिल्लू होते. कढीपत्त्याच्या झाडाखाली सापडले म्हणाला. पिसे आलेली, शेपूट मात्र आखूड, उडता येत नव्हते, टुणटुण उड्या मारत होते. भिंतीवर शेजारची मांजर बसलेली. मांजर पाहून आणखी विचार करायची गरजच उरली नाही. बुटाचा खोका आला, कापूस आला. सासूबाई म्हणाल्या, आता माणसाचा हात लागला, आता याची आई याला घेणार नाही. हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेले असते. मीही ते धरून चालले.

रोजामुळे माझा स्वतःचा घसा कोरडा पडला होता, म्हणून असेल, मला पिल्लाची तहान आधी दिसली. डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर धुऊन घेतला आणि पिल्लाच्या चोचीत पाणी सोडले. इफ्तारनंतर त्याच ड्रॉपरने कोमट दूध. पिल्लू चोच उघडत होते, तेव्हा ते पितच आहे असे आम्ही समजलो. धाकट्याला तर कोण आनंद! तरावीहवरून येताच पुन्हा खोक्यापाशी जाऊन बसला.

बाहेर शेवग्यावर दोन बुलबुल संध्याकाळपासून ओरडत होते. सहरीनंतर उजाडले तसे पुन्हा सुरू झाले. सासूबाई तिलावतीला बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुल्हन, वो खिडकी बंद कर गे, चिड़ियां पढ़ने नै दे रईं." मी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागले. प्रत्येक श्वासाबरोबर आतून बारीक टिक्-टिक् आवाज येत होता. जुहरच्या आधी ते गेले. धाकट्याने कढीपत्त्याखालीच खड्डा केला. माती लोटून झाल्यावर त्याने विचारले, "अम्मी, इसकी अम्मी कैसे मर गई थी?" मी म्हटले, अल्लाह को मालूम.

आणि तेवढ्यात शेवग्यावरून एक बुलबुल कढीपत्त्यावर उतरला. चोचीत हिरवी अळी होती. खालच्या फांदीवर आला, इकडेतिकडे मान वळवून जमिनीकडे पाहिले, थोडा वेळ थांबला आणि अळी तशीच चोचीत धरून परत गेला. माझ्या मुलाने तो पाहिला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिले नाही, तेवढे बरे झाले.

सुनन अबू दाऊदमधली एक हदीस मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची रिवायत आहे. प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) काही कामासाठी बाजूला गेले असता सोबत्यांना एक लहान पक्षीण आणि तिची दोन पिल्ले दिसली. त्यांनी पिल्ले उचलली. पक्षीण आली आणि पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) परतले तेव्हा त्यांनी आधी हेच विचारले की हिची पिल्ले घेऊन हिला कुणी दुखावले, आणि पिल्ले परत करायला सांगितली. मुलांना ही गोष्ट आवडते. मीही पंख पसरल्यासारखे हात करून ती सांगत असे. आणि माझ्याच घरावर दोन पाखरे दीड दिवस ओरडत होती, तर मी खिडकी लावून घेतली. आमचा हेतू वाईट नव्हता. पण त्या सोबत्यांचा तरी वाईट हेतू असेल असे कुठे आहे?

उर्दू शिकताना आमच्या उस्तादांनी 'यतीम' या शब्दाची एक गंमत सांगितली होती. अरबी कोशकारांच्या मते माणसांत यतीम तो, ज्याचा बाप गेला. जनावरांत ज्याची आई गेली. पाखरांच्या बाबतीत मात्र इब्न खालवैह या भाषापंडिताचे म्हणणे असे की तिथे दोघेही गेले पाहिजेत, कारण पिल्लाला दोघेही भरवतात. इतकी वर्षे मी हे शब्दांच्या तासाला एक मौजेची माहिती म्हणून सांगत आले. त्या दिवशी दुपारी कळले की हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने घरटे नीट पाहिले होते आणि मी माझ्या अंगणातले पाहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठले. त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती. विचारायला लाज वाटत होती, पण विचारले. ते म्हणाले, पाखराच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचे तोंड असते. वरून सोडलेला थेंब सहज फुप्फुसात जातो. ती टिक्-टिक् त्याचीच. पिल्लांना लागणारे पाणी त्यांना अळ्या-किड्यांतूनच मिळते, वेगळे पाजावे लागत नाही. आणि दूध? पाखरू हा दूध पिणारा जीवच नाही, ते पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. हाताच्या वासाचे सासूबाईंनी सांगितले तेही खरे नाही. आपला हात लागला म्हणून पाखरे पिल्लू टाकत नाहीत.

आणि मुळात ते पिल्लू पडलेलेच नव्हते. बुलबुलाची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर बारा-तेरा दिवसांत घरट्याबाहेर पडतात, नीट उडता येण्याच्या आधीच. पुढचे काही दिवस झुडपात, जमिनीवर असतात आणि आई-बाप तिथे येऊन त्यांना भरवतात. आपल्याला ते टाकलेले, हरवलेले दिसते. खरे तर ते त्याच्या शाळेत असते. पिसे आलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे पिल्लू दिसले तर मांजर-कुत्रे हाकलावे, फार तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि आपण लांब व्हावे. लांब म्हणजे खरोखर लांब, घरात, दाराआड. आपण कौतुकाने चार पावलांवर उभे राहिलो तर आई उतरत नाही आणि मग आपणच म्हणतो, बघा, आई आलीच नाही.

उघडे, पिसे न फुटलेले पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी. त्याला घरटे लागते. घरटे सापडले तर त्यात परत ठेवायचे. घरटेच मोडले असेल तर छोटी टोपली किंवा तळाला भोके पाडलेला डबा घ्यायचा, आत सुके गवत घालायचे आणि शक्य तेवढे जुन्या जागेजवळ सावलीत बांधायचे. मांजराचा दात लागलेला असला, जखम असली, मुंग्या चढल्या असल्या किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली, तर मात्र थांबायचे नाही. मांजराच्या चाव्याची जखम वरून दिसत नाही, पण आत विष भिनते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. वन विभागाचा १९२६ हा नंबर मी आता शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे.

आमचा तालुका जुन्नर. इथे हीच गोष्ट बिबट्याच्या बछड्यांची होते. ऊसतोड सुरू झाली की सरीत बछडी सापडतात. आई भक्ष्यासाठी गेलेली असते किंवा कोयत्यांच्या आवाजाने बाजूच्या फडात दबून असते. लोक जमतात, फोटो काढतात, कुणी दूध आणते. पूर्वी मला वाटायचे, वन विभागाची गाडी येते आणि बछडी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात घेऊन जाते, तिथे ती वाढतात. एका वनरक्षकाने सांगितले तेव्हा कळले की डॉक्टर बछडी तपासतात आणि ती धडधाकट असली तर संध्याकाळी जिथे सापडली तिथेच, त्याच शेतात, क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि माणसे दूर जातात. रात्री मादी येते, क्रेट कलंडवते आणि एकेक बछडे मानेला धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. बिबट्यासारखा प्राणी, ज्याच्या नावाने आम्ही संध्याकाळनंतर मुलांना ओट्यावर बसू देत नाही, तोही पिल्लासाठी माणसाच्या वासापर्यंत परत येतो. मग माझ्या शेवग्यावरचे बुलबुल तर घरातलेच होते.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडल्या. फांदीबरोबर खारीचे घरटे खाली आले. काथ्या, चिंध्या, कुणाच्या तरी गादीचा कापूस, आणि त्यात डोळे मिटलेली तीन पिल्ले. शेजारच्या खाला वाटीत गाईचे दूध घेऊन आल्याच होत्या. त्यांना मी हात धरून थांबवले. खार दूध पिणारी असली तरी गाईच्या दुधाने तिच्या पिल्लाला हगवण लागते. आधी त्याला ऊब हवी. गार पडलेल्या पिल्लाला भरवले तरी त्याला ते पचत नाही. आम्ही उथळ खोक्यात तेच घरटे ठेवले, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला सरकवली आणि खोका तोडलेल्या झाडाला लागून असलेल्या भिंतीवर ठेवला. खाला कुरकुरत होत्या, "ऐसेच छोड़ देना? गुना लगेगा." तासाभराने खार आली. दोनदा खोक्याभोवती फिरून पळाली. तिसऱ्यांदा तिने एक पिल्लू तोंडात धरले आणि पत्र्यावरून नेले. मग दुसरे.

तिसऱ्यासाठी ती आली नाही. अंधार पडल्यावर खार हिंडत नाही, म्हणून रात्री पिल्लू घरात उबेला ठेवले, सकाळी पुन्हा भिंतीवर. दुपारपर्यंत वाट पाहिली. का आली नाही कोण जाणे. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणली, पिल्लाला पालथे धरून थेंब थेंब दिले, ओल्या कापसाने पोटाखाली पुसले. एवढ्या लहान पिल्लाला लघवीसुद्धा आपली आपण करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. दोन रात्री मी गजर लावून उठत होते. तिसऱ्या दिवशी वनरक्षक येऊन घेऊन गेले. दोन महिन्यांनी बाजारात भेटले तेव्हा विचारले. "सोडली, मॅडम," एवढेच म्हणाले आणि भाजी घेऊ लागले. मी त्यावर विश्वास ठेवला आहे.

खालांकडे पूर्वी पिंजऱ्यात पोपट असे. त्या मला अबू उमैरची हदीस सांगतात. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे एक लहान पाखरू होते, त्याच्याशी तो खेळत असे, ते मेले तेव्हा प्रेषित (स.) त्या मुलाला त्या पाखराचे नाव घेऊन विचारत. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यावरून पाळण्याच्या परवानगीचा मसला उलेमांनी सांगावा. आपल्या देशात मात्र पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे मी खालांना सांगते. मला त्या हदीसमध्ये दुसरेच दिसते. एका लहान मुलाचे पाखरू मेले, याची एवढ्या मोठ्या माणसाने चौकशी केली. माझ्या मुलाचे मेले तेव्हा मी 'अल्लाह को मालूम' म्हणून भांडी घासायला गेले होते. आठवडाभराने मी त्याला सगळे खरे सांगितले: त्याची अम्मी मेलेली नव्हती, अब्बाही नव्हते, आपणच खिडकी लावली होती. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मैंने उठाया था." मी म्हटले, तू उचललेस, पाणी मी पाजले.

तर डब्यातले ते साळुंकीचे पिल्लू. डबा झाकून, झाकणाला फट ठेवून, कपाटाच्या अंधारात ठेवला. त्या मुलाला विचारले, कुठे मिळाले? मशिदीच्या मागच्या भिंतीखाली. वर भोक आहे का? त्याला माहीत नव्हते. तो वर पाहतच नव्हता, त्याने खालीच पाहिले होते.

'यतीम' हा शब्द त्याने पुस्तकातून उचललेला नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीच्या अर्जावर तो मीच लिहिला होता, त्याच्यासमोर.

छोट्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगून आम्ही दोघे निघालो. मशीद शाळेला लागूनच आहे. मागच्या भिंतीत, जुना पाइप काढला तिथे, दीड पुरुष उंचीवर भोक आणि त्यातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या. बांगीसाहेबांनी चुना लावायची शिडी आणली. मुलाला स्वतः चढायचे होते. बांगीसाहेब म्हणाले, "तू डब्बा पकड़," आणि सत्तरीच्या वयात स्वतः चढले. पिल्लू आत ठेवले. आत आणखी किती आहेत विचारले तर म्हणाले अंधार आहे, हाताला गरम लागले.

वुजूखान्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. एक साळुंकी लाउडस्पीकरच्या भोंग्यावर येऊन बसली, चोचीत नाकतोडा. आमच्याकडे पाहून कर्कश ओरडू लागली. मुलगा पुढे सरकत होता, मी त्याला शर्ट धरून मागे ओढले. आणखी मागे, दरवाजाच्या आत. "टीचर, कब तक रुकना?" मला सांगता आले नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली. वर्गात चाळीस मुले, इथे एक. मी म्हटले, अजून दोन मिनिटे.

साळुंकी भिंतीवर उतरली. भोकापाशी मान घालून पाहिले आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. ती उडते न उडते तोच दुसरी आली.

"दो हैं," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "टीचर, उसमें अब्बा कौनसा?"

साळुंकीत नर-मादी दिसायला सारखीच असतात. मी त्याला तेच सांगितले, ओळखता येत नाही. त्याने मान हलवली, पण नजर भोकावरून काढली नाही. मी त्याला आणखी थोडा वेळ उभे राहू दिले आणि एकटीच वर्गात परतले. तो तिसऱ्या तासाला आला. डबा दिवसभर माझ्या टेबलावर होता. शाळा सुटल्यावर डबा न घेताच तो मशिदीच्या मागच्या बाजूने घरी गेला.